वत्सलाअक्काचे वाटे

भडगावहून चाळीसगावच्या रस्त्याला लागलं की थोडं पुढे डाव्या हाताला एक उताराचं शेत आहे. आज तिथे कपाशी उभी आहे. ज्याने शेत बटाईने घेतलं त्याने गाळ आणून टाकला, ठिबक टाकलं, आणि आता कपाशी कंबरेला लागते. येणारेजाणारे गाडी थांबवून कौतुक करतात. मला त्या कपाशीचा राग येतो. कपाशीचा काय दोष, हे मलाही कळतं, पण राग येतो तो येतोच. तिथे वत्सलाअक्काचं गवत होतं आणि गवतात तिच्या बकऱ्या होत्या.

अक्का आता चाळीसगावला लेकीकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. लेक चांगली आहे, जावई त्याहून चांगला आहे. सगळं चांगलं आहे. कुणी विचारलं तर मी हेच सांगतो आणि दुसरा विषय काढतो.

माझं मोटारी भरायचं दुकान या रस्त्यावरच आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तार गुंडाळायची, आणि ‘आजच पाहिजे’ म्हणणाऱ्यांशी भांडायचं, असा माझा धंदा. अक्काशी ओळख तिच्या बोअरच्या मोटारीमुळे झाली. मोटार घ्यायला आली ती बिल बघून म्हणाली, “मोटार भरी का सोनं भरं?” मी म्हणालो, परवडत नसेल तर राहू द्या. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे कसाले? पानी काय तू पाजशी बकऱ्यास्ले?” पैसे पूर्ण दिले, वर मला ऐकवून गेली. त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती दुकानात येऊन बसायची, चहा मागायची आणि चहाला नावं ठेवायची.

नवरा गेल्यावर तिने कपाशी बंद केली होती. जमीन मुरमाड, उताराची; कपाशी तिथे रडत यायची. अक्काने शेत गवताला सोडून दिलं. पवन्या गवत वाढलं, बांधावर बोरी वाढल्या, बाभळी वाढल्या. भाऊबंद म्हणाले, बाईने रान पडीक पाडलं. तिने बकऱ्या घेतल्या, दिवसभर त्या रानात मोकळ्या चारल्या, आणि बोकड व्यापाऱ्याला न देता रविवारी शेतावरच कापून मटण विकायला लागली. तेव्हा भाऊबंद म्हणाले, पाटलाच्या घरची बाई मटण विकते. अक्का म्हणाली, “खातस तवय पाटील नही ऱ्हात का?” आणि हे सगळे भाऊबंद रविवारी पिशवी घेऊन सगळ्यात आधी हजर असत.

हे सगळं तिने एका माणसासाठी केलं होतं. तिचा मुलगा भूषण. गावातली पोरं एकेक करून बाहेर पडत होती. कुणी पुण्याला, कुणी सुरतला, कुणी नरडाण्याच्या कंपन्यांत. भूषणने रान सोडू नये, एवढं एकच तिला हवं होतं. ते ती लपवतही नसे. चहा पिता पिता म्हणायची, “त्याले आठेच दोन घास मिळनात ना भाऊ, तो कोठे जावाव नही.” आणि दोन घास मिळण्याच्या वाटेत ती स्वतःच आडवी पडलेली असायची. माझी सगळी चिडचिड या ठिकाणी आहे.

तिची विकायची पद्धत सांगितली पाहिजे. आमच्याकडे गावात बोकड कापला की वाटे घालायची रीत होती. जितके घेणारे तितके ढीग. प्रत्येक ढिगात सगळं थोडं थोडं: मांडी, फरा, चाप, काळीज, वजडी, नळी. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठ केलेला माणूस एकेक नाव घेतो. ज्याचं नाव आलं, तो ढीग त्याचा. तक्रारीला जागाच नाही. आता गावागावात दुकानं झाली, लोक किलोने घेतात, ही रीत राहिली ती कुठे जत्रेपुरती. अक्काने मात्र तीच धरली. कापायला भडगावचे युसूफचाचा यायचे. केळीच्या पानांवर वाटे अक्का स्वतः घालायची, काळजाचा तुकडा सुद्धा विळ्याने दोनदा कापून सारखा करायची. मग पदर खोचून पाठ फिरवायची. भूषण बोट ठेवून विचारायचा, “हाऊ कोना?” अक्का गिरणा नदीकडे तोंड करून ओरडायची, “रामदासबाबाना!” “हाऊ कोना?” “डाक्टरना!”

रामदासबाबांना दात नव्हते आणि त्यांच्या वाट्याला हमखास नळ्या यायच्या. फाटकाबाहेर गेलं की लोक आपसांत बदलाबदली करत. काळीज दे, नळी घे. अक्काला ते दिसत असे, पण ती बघत नसे. फाटकाच्या आत मात्र सरपंच असो की सालदार, पाठीमागे जे येईल ते घ्यायचं.

आणि ग्राहक कोण? आधी गावचे होते. मग भूषणने फोनवर एक ग्रुप काढला, रानात चरणाऱ्या बकऱ्यांचे फोटो टाकले, आणि चाळीसगाव, पाचोरा, थेट जळगावहून गाड्या यायला लागल्या. रस्ता मला विचारायच्या. मी हातातली तार सोडून दिवसभर ‘पुढे डावीकडे’ सांगत बसायचो. ते जमेल. पण परत जाताना या गाड्या पुन्हा माझ्या दुकानासमोर थांबायच्या आणि माणसं अक्काची तक्रार माझ्याकडे करायची. मी तिचा कोण? तरी ऐकून घ्यायचो.

एकदा चाळीसगावच्या एक बाई आल्या होत्या. रविवारी मीही माझ्या वाट्यासाठी तिथेच उभा होतो. बाई गोड बोलत होत्या.

“काकू, आम्हाला फक्त अर्धा किलो बोनलेस द्या ना. मुलं हाडं खात नाहीत.”

“बाई, बकरीले हाडं ऱ्हातस,” अक्का म्हणाली. “बिना हाडनी बकरी मनाकडे नही.”

“अहो, काढून द्यायची ना हाडं.”

“मंग ती हाडं कोनाले दिऊ? या म्हातारबाले? त्याले दात नहीत, तुमना पोरेस्ले ते दात शेत.”

बाई निघून गेल्या. भूषण त्यांच्या गाडीमागे फाटकापर्यंत पळत गेला, काहीतरी विनवत. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. अक्का पुढचं पान पुसत होती. तिला यात काही वाईट झालंय असं वाटलंच नव्हतं.

दुसरी तिची खोड म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला आधी बकऱ्या दाखवणे. “आधी बकरी दखा, मंग मटन ल्या.” हे बोलायला ठीक आहे. जळगावचं एक कुटुंब आलं, बरोबर दोन लहान मुली. अक्काने त्यांना रानभर हिंडवलं. हा पवन्या, ही बोर, ही बाभळीची शेंग, ही खाल्ली की मटणाला कशी चव येते, सगळं सांगितलं. मुलींनी एका करड्या बोकडाला पाला खाऊ घातला, त्याचं नाव ठेवलं, त्याच्याबरोबर फोटो काढले. आणि मग अक्काने युसूफचाचांना सांगितलं की आज हाच धरा. मुलींनी जो आकांत मांडला तो माझ्या दुकानापर्यंत ऐकू आला असेल. त्या कुटुंबाने जाताना भडगावातून पनीर घेतलं, हे मला पनीरवाल्यानेच सांगितलं. भूषण आईला म्हणाला, “माय, दाखाडानं व्हतं ते दुसरा बोकड दाखाडती!” अक्का खरोखर गोंधळली. म्हणाली, “दुसरा दाखाडू आन् हाऊ कापू? ती ते लबाडी शे.” आता या बाईशी काय बोलायचं?

औषधाच्या वेळी तर मीच डोक्याला हात लावला. शेजारच्या शेतकऱ्याने बांधावर तणनाशक मारलं, ते वाऱ्याने अक्काच्या कडेच्या गवतावर आलं. पट्टी पिवळी पडली. अक्का त्याच्याशी दिवसभर भांडली, पट्टीला काटे लावले, बकऱ्या त्या बाजूला फिरकू दिल्या नाहीत. इथपर्यंत उत्तम. पण मग रविवारी येणाऱ्या प्रत्येकाला ती फाटकातच सांगायला लागली: “त्या बांधवर औषध पडेल शे. मी बकऱ्या तठे चारत नही, पन सांगी देस.” लोकांनी पुढचं ऐकलंच नाही. औषध एवढा शब्द ऐकला आणि गाड्या वळवल्या. मी तिला म्हणालो, “अक्का, बकऱ्या तठे गयाच नहीत, मंग सांगस कसाले?” ती म्हणाली, “उद्या त्यास्ले दुसरं कोनी सांगं ते?” त्या मोसमात भूषणने अर्धे बोकड न कापता सांभाळले आणि त्यांचा चारा आणायला तो सायकलने लांब लांब जात होता, कारण गवताची ती कड बंद होती.

पोरगा मेहनती होता हो. हे कुणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतो. सगळे अक्काच्या गोष्टी सांगतात आणि हसतात. मीही आता तेच करतोय. पण पहाटे उठून बकऱ्यांच्या खुरांत काटे आहेत का बघणारा, आजारी पिल्लाला मांडीवर घेऊन बाटलीने पाजणारा भूषण होता. त्याने बर्फाची पेटी आणली, मोटारसायकलला लोखंडी कॅरेज करून घेतलं, चाळीसगावला घरपोच द्यायची तयारी केली. अक्का म्हणाली, घरपोच दे, पण वाटाच दे. लोकांना घरी बसून वजडी आणि मुंडीचा तुकडा मिळाला, त्यांनी फोनवर फोटो टाकून विचारलं, हे काय पाठवलंय? घरपोचचं काम थोड्याच दिवसांत बंद पडलं.

आखाडातल्या शेवटच्या रविवारी तर रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या. श्रावण लागला की महिनाभर कुणी मटणाला हात लावत नाही, त्यामुळे त्या दिवशी जो तो खायला निघालेला. एकच दिवस असा की वर्षाची कसर भरून निघावी. अक्काने दोन बोकड कापले आणि विळा धुवून ठेवला.

“माय, लोके जळगावथून ईसन उभा शेत,” भूषण म्हणाला. “अजून पाच-सहा धरूत.”

“बाकीना बोकड अजून लहान शेत. लेकरं शेत.”

“उद्या श्रावण शे!”

“श्रावण तुमना शे, बकऱ्यास्ना नही.”

“मंग या लोकेस्ले रिकामं धाडू?”

“रिकामं कसं? हवा खाधी ना त्यास्नी.”

बायका हसल्या. अक्काही हसली. भूषण हसला नाही. त्याने हात जोडून एकेका गाडीपाशी जाऊन माफी मागितली, आणि मी माझी पिशवी धरून तिथेच उभा राहून ते बघत होतो. अक्काचं बोलणं मला त्या दिवशी अजिबात विनोदी वाटलं नाही.

हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने भूषणला गाठलं ते श्रावण संपल्यावर. त्याला दर रविवारी फक्त मांड्या आणि चापा हव्या होत्या. चांगला भाव, बांधील गिऱ्हाईक. भूषणने अक्काला सांगितलं. अक्काने एकच प्रश्न विचारला, “मंग मुंडी-पाया कोन खाई?”  उत्तर भूषणने मनात ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी अक्का सकाळी देवीला गेली होती, तिला यायला उशीर झाला. भूषणने युसूफचाचांकडून मांड्या आणि चापा आधी काढून घेतल्या, बर्फाच्या पेटीत भरल्या, पेटी गोठ्यामागे ठेवली. उरलेल्याचे वाटे घातले. मला हे नंतर कळलं, पण तरी त्यात एक गोष्ट मला विसरता येत नाही: त्याने उरलेल्याचे वाटे अगदी सारखे घातले होते. काळीज दोनदा कापून. आईच्या हाताची सवय त्याच्या हातात होती. चोरी करतानाही त्याला असमान वाटा घालता येईना.

अक्का आली, पदर खोचला, पाठ फिरवली. “हाऊ कोना?” “रामदासबाबाना.” “हाऊ कोना?” “मोटारवालाना.” तो मी. मी पिशवी उघडली. नळ्या, फरा, वजडी. मांडीचा तुकडा नाही. मला वाटलं चुकून राहिला असेल, मी गप्प बसलो. रामदासबाबा मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मोठ्याने विचारलं, “वच्छे, आज लंगडा बोकड कापा का?”

लोक हसले. अक्का वळली. तिने एका पानाकडे पाहिलं, मग दुसऱ्या, मग सगळ्या. मग तिने भूषणकडे पाहिलं. भूषण खाली बघत होता. हॉटेलवाल्याची गाडी फाटकात येऊन उभीच होती.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने सगळ्यांच्या पिशव्या परत मागितल्या. सगळं पुन्हा ताडपत्रीवर ओतलं. गोठ्यामागून पेटी आणली, मांड्या काढल्या, चापा काढल्या, आणि सगळ्यांसमोर बसून पुन्हा सारखे तुकडे करायला लागली. ऊन चढलं.  हॉटेलवाला दोनदा हॉर्न वाजवून निघून गेला. वाटे घालून झाले तेव्हा अक्का पुन्हा पाठ फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, “इचार.” भूषण पानांपाशी आला. त्याने बोट ठेवलं. “हाऊ कोना?”  एकेक वाटा, एकेक नाव, शेवटपर्यंत तिने त्याच्याकडून विचारून घेतलं. अख्ख्या गावासमोर.

तिचं खरं होतं. वाट्यातून काढून घेणं चूकच. पण पोराचं असं करायचं नसतं. घरात नेऊन चार थोबाडीत मारायच्या, लोकांना सांगायचं की आज चूक झाली, पुढल्या रविवारी भरून देऊ. मी हे तिला त्याच आठवड्यात तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, “तू मोटारी भर.” मी म्हणालो, तुझा पोरगा जाईल. ती म्हणाली, “जाय ते जाय.” ते तिने खोटं म्हटलं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो गेलाच. नरडाण्याला कुठल्या कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागला. तिथे चार जणांत खोली घेतली. भांडण नाही, काही नाही. जाताना आईच्या पाया पडून गेला. तो फोन करायचा, बकऱ्यांची चौकशी करायचा, पण येईन म्हणायचा नाही. अक्का एकटीच चारायची, एकटीच वाटे घालायची. बोट ठेवायला कधी युसूफचाचा, कधी मी. ती अजूनही मोठ्याने ओरडायची. गाड्या मात्र कमी झाल्या, कारण ग्रुपवर आता फोटो टाकणारं कुणी नव्हतं.

शेवटी अक्काने सगळ्या बकऱ्या व्यापाऱ्याला विकल्या आणि ती लेकीकडे गेली, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. बाजारचा दिवस नव्हता तरी अक्का दुपारी दुकानात आली. चहा मागितला नाही. बराच वेळ माझ्या हातातल्या तारेकडे बघत बसली. मग म्हणाली, “भूषणले फोन लाव. मोठ्याने बोली तसा लाव, मले कमी ऐकू येस.”

मी स्पीकर लावला. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. भूषण म्हणाला, “बोल माय.”

अक्काने घसा साफ केला. “भूषण, तू ये. तुले जसं इकानं तसं इक. मांड्या येगळ्या कर, हाटेलले दे, घरपोच दे. मी बोलाव नही. वाटा नही घालतस आपन. मी बठ्ठं सोडी दिन्हं. तू फक्त ये.”

मी तार खाली ठेवली. या बाईच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि हे तिने वर्षभर आधी म्हटलं असतं तर, असं मनात येऊन माझा तिळपापड झाला.

 मग भूषण म्हणाला, “नही माय. तू वाटा मोडू नको. मी आठे बठ्ठास्ले तुनीच गोष्ट सांगस. मनी माय पाठ करीसन उभी ऱ्हास, सायेब ऱ्हावो का सालदार, बठ्ठास्ले सारखं. कोनाले खरंच वाटत नही. तू बदलू नको.”

“मंग ये ना, बाबा. दोन्ही मिळीसन करूत.”

“ड्यूटी शे माय,” भूषण म्हणाला. “आते मन लागी गयं आठे. तू ठेव. सायेब बोलाई ऱ्हायना.”

फोन बंद झाला. मला भूषणचा असा राग आला की बोलायची सोय नाही. आईच्या न्यायाची गोष्ट सांगायला त्याला चार माणसं मिळाली, आणि आता आईचा न्याय त्याला फक्त सांगायची गोष्ट म्हणूनच हवा होता. आणि मला अक्काचाही राग आला, आणि त्या हॉटेलवाल्याचा, त्या बोनलेसवाल्या बाईचा, सगळ्या जगाचा.  

अक्का उठली. पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर पडली. इकडेतिकडे न बघता ती रस्ता ओलांडायला लागली, आणि चाळीसगावकडून येणाऱ्या टेम्पोने तिच्यापासून हातभरावर करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून तिला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मी दारातच थांबलो. आता त्याची कशी उतरते ते बघायला आजूबाजूचे दुकानदारही बाहेर आले होते.

अक्काने त्याला हात जोडले, आणि बाजूला होऊन टेम्पोला आधी जाऊ दिलं.